सुलोचनावहिनींची ओहोटी

घाटंजीत समुद्र नाही, हे सर्वांस विदित आहे. तरीही आमच्या शेजारच्या सुलोचनावहिनी अंगणात तूर पाखडता पाखडता थबकत आणि कुंपणापलीकडून विचारीत, "आज तिथी कोणती, भावजी?" मी अष्टमी म्हटले की त्यांचा चेहरा उजळे. "म्हणजे दुपारी पाणी उतरेल. आई शिंपल्यांतली कालवं काढायला गेली असेल."

त्यांचे यजमान गजाननराव तरुणपणी कोकणात रस्त्याच्या कामावर मुकादम होते. तेथूनच ते त्यांना लग्न करून घेऊन आले. तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. वर्णन कसे करावे, हे या तालुक्यात मला कोणी शिकवू नये. परंतु वहिनी सांगत त्या माहेरच्या खाडीपुढे माझी लेखणी थिटी. नजर पोहोचेल तिथवर ओला चिखल, त्यात उतरलेले आभाळ, आणि एखादे माणूस चालू लागले की उठणारे बगळे. "शेजारचं घर दिसतं," त्या म्हणत, "पण हाक पोचत नाही."

पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत भलेभले घसरत. वहिनी पदर खोचून, पायाची बोटे रोवीत सरळ चालत. निंदणाच्या बाया चिडवीत, "काहून वं खाडीवाले, तुह्या चिखलात कापसाची पऱ्हाटी होते काय?"

"नाही गो. पण तिथला चिखल रोज काहीतरी देतो. इथला नुसता मागतो."

एकदा माहेरी जाऊन आईला पाहावे, एवढेच त्यांचे मागणे होते. गजाननराव दरवर्षी म्हणत, "कापूस निंगू दे, मंग जाऊ." कधी भाव पडला, कधी बोंडात अळी निघाली. एका साली मात्र शेत पांढरेशुभ्र फुटले. वहिनींनी ट्रंक भरली, आईसाठी तुरीची डाळ फडक्यात बांधली. वेचणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला आणि कापूस झाडावरच काळा पडला. गजाननराव बांधावर बसून राहिले. ते गाठोडे वहिनींनी स्वतःच सोडले. महिनाभर त्याच डाळीचे वरण झाले.

उन्हाळ्यात त्यांच्या भावाचा फोन आला. आई गेली होती. दहावाही उरकला होता.

पुढच्या अष्टमीस मी आपण होऊन कुंपणाशी गेलो. "वहिनी, आज अष्टमी. दुपारी पाणी उतरेल ना?"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडी आमची बोली मी कधी ऐकली नव्हती.

"मले काय ठाऊक, भाऊजी," त्या म्हणाल्या आणि पाखडत राहिल्या.