दगडूभाऊंचं नाव चुकलं!

आता काय सांगू, फजिती तर नाशकात बसूनही झाली असती, पण मी तिच्यासाठी थेट कळवणपर्यंत गेलो!

पक्षाघाताचा झटका येऊन वाचा गेलेल्यांसाठी आम्ही एक अ‍ॅप बनवलं. घरच्या माणसानं पेशंटचं नाव मोठ्यानं घ्यायचं, की अ‍ॅप उघडणार. मग पेशंटनं तेच नाव म्हणायचा सराव करायचा. चित्रं कांद्याच्या शेताची, आवाजही आपल्याकडचा. मीटिंगमध्ये मी छाती फुगवून सांगितलं, "अस्सल आपल्या मातीतलं!"

पहिली चाचणी दगडूभाऊंच्या घरी. तीन महिने माणूस गप्प. त्यांची बायको सखुबाई अगदी कासावीस झालेली.

"एक शब्द बोलू द्या हो त्यांला," एवढंच म्हणत होत्या.

"सोपं आहे मावशी. यांचं नाव घ्या."

मावशींनी पदर सावरला. समोर थोरले दीर बसलेले. दारातल्या शेजारणी खुदकन हसल्या.

चूक कळली ना तुम्हाला? मला नाही कळली!

"घ्या की, मोठ्यानं!"

मावशींनी डोळे मिटले.

"गिरणेच्या काठाला कांद्याची रोपं,
दगडूरावांचं नाव घेणं नाही सोपं!"

शेजारणींनी टाळ्या पिटल्या. फोन म्हणाला, "नाव चुकलं. पुन्हा प्रयत्न करा."

"मावशी, उखाणा नको. नुसतं नाव."

"नुसतं? नवऱ्याचं? चाळीस वर्षांत नाय घेतलं, आता फोनसाठी घेऊ?"

माझ्या आईनंही वडिलांचं नाव कधी नुसतं घेतलेलं नाही. हे मला कुठे आठवलं? तिथे, त्या घरात!

मावशी मात्र हटेनात. दुसरा उखाणा. "नाव चुकलं." तिसरा. "नाव चुकलं." शेजारणी नवे उखाणे सुचवायला लागल्या. चाचणी राहिली बाजूला, हळदीकुंकूच सुरू झालं.

चौथ्यांदा फोन "नाव चुकलं" म्हणाला आणि खाटेवरचे दगडूभाऊ लालबुंद झाले. ओठ थरथरले.

"द... दगडूच हाय!"

मावशी रडायलाच लागल्या. खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले. फोनला त्याचं काही नव्हतं. तो म्हणाला, "नाव चुकलं."

मी ओशाळून म्हटलं, "मावशी, एवढं मी दुरुस्त करून देतो."

"हात लावू नका! चुकलं म्हणला का त्यांला राग येतो, अन् राग आला का बोलत्यात."

दोन वर्षं राबून बनवलेल्या अ‍ॅपमधली एकच गोष्ट त्या घरानं ठेवून घेतली. माझी चूक!