झाकणाला चिकटलेली गांडुळं

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले, त्याच महिन्यात मी बागेत गांडूळखताचा डबा ठेवला. एका सकाळी झाकण उघडलं, तर गांडुळं वर चढून झाकणाला चिकटली होती. घाबरून मी शेजारच्या सुमनताईंना बोलावलं. त्या बरीच वर्षं असं खत करतात.

त्यांनी आतला ओला लगदा चाचपला. "रोज किती घालतेस गं? खाली सगळं कुजतंय, त्यांना श्वास घ्यायला जागा नाही. सुका पाला टाक आणि चार दिवस काही देऊ नकोस."

संध्याकाळी पाहिलं, तर गांडुळं एकेक करून, सावकाश पाल्याखाली उतरत होती. जीव लावणं म्हणजे सतत काहीतरी पुढे करत राहणं, असंच मी आजवर धरून चालले होते.

बाबा पायरीवर बसले होते. एरवी मी चहा, बिस्किटं, शाल असं विचारत राहिले असते. त्या दिवशी नुसती त्यांच्या शेजारी बसले. बऱ्याच वेळाने तेच म्हणाले, "तुझ्या आईला गांडुळांची फार किळस यायची."

आई गेल्यापासून तिचा विषय त्यांनी पहिल्यांदाच काढला होता.