जवाईबापूंची लाकडी मोटार

कुठेही गेले की ते आधी अंगठा टेकवायचे. टेबल असो, भिंतीतली खुंटी असो, नाहीतर माझ्यासारख्या नव्या मास्तराचा खांदा असो, अंगठ्याने हलकेच दाबायचे, मान तिरपी करायचे आणि विचारायचे, "हालते काय?"

"नाही" म्हटलं की "हं" करायचे आणि तोंड असं व्हायचं, जणू कुणी कडू काढा पाजला. मला बरेच दिवस वाटत होतं, की या माणसाला पक्केपणाची हौस आहे. तुम्हीही तूर्त तसंच समजा. मी फसलो ना, मग तुम्ही का सुटावं?

अमरावतीला मी भाड्याने राहत होतो त्या खोलीसमोर लाकडाची वखार होती. वखारीचे मालक दारात बाज टाकून बसत. देह असा, की बाज आणि मालक यांत कोण कोणाला धरून आहे हे कळू नये. त्यांना एकुलती एक मुलगी. तिच्यासाठी त्यांनी अकोल्याकडचा मुलगा पाहिला आणि लग्न लावून मुलगी सासरी पाठवण्याऐवजी मुलगाच माहेरी आणला. मालकांपासून हमालांपर्यंत सगळे त्यांना जवाईबापू म्हणत. त्यांचं खरं नाव विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, आणि आली असती तर त्यांना ते आठवलं असतं की नाही, शंकाच आहे.

आमच्या वऱ्हाडात जावयाचा मान म्हणजे काय, हे ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. वखारीच्या आत, बाजेसमोर, त्यांच्यासाठी हाताची खुर्ची मांडलेली असे. जवाईबापूंनी फळी उचलली की बाजेवरून आवाज येई, "जवाईबापू, ठेवा. हमाल मेले काय?" पाणी प्यायला उठले की तिघे धावत. गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलले की सासरे मऊ आवाजात म्हणत, "तुमी कावून तोंड शिनवता? तुमी बसा."

तुमी बसा. दिवसभर हेच. तुरुंगात निदान दगड तरी फोडू देतात.

गावात जायचं तरी मागे एक माणूस छत्री घेऊन. एकदा मी त्यांना म्हणालो, "मजा आहे तुमची." त्यांनी माझ्या खांद्यावर अंगठा टेकवला आणि म्हणाले, "मास्तर, तुमची बदली होते ना? मले तं रजाबी नाई."

आता बसलेला माणूस करणार काय? खुर्चीच्या पायाशी लाकडाचे तुकडे पडलेले असत. ते वेचायला कुणी मना केलं नाही, कारण खेळण्याला कुणी काम म्हणत नाही. मेळघाटच्या सागाचे उरलेले तुकडे तासून त्यांनी ठोकळे केले, कुठला विहिरीचा, कुठला माडीचा, कुठला गोठ्याचा, कुठला टांग्याचा. वखारीत वरूडच्या व्यापाऱ्यांसाठी संत्र्याच्या पेट्या ठोकल्या जात. त्या हलक्या फळ्यांच्या चिपांमधून त्यांनी बाहुल्या कोरल्या. फेटेवाला पाटील, डोक्यावर पाण्याचा गुंड घेतलेली बाई, मिशीवाला पोलीस, लंगोट लावलेला पैलवान. छडी घेतलेला एक मास्तरही होता. त्याच्या नाकाबद्दल मी तक्रार केली तेव्हा ते म्हणाले, "नाक तुमचंच हाये, माह्या काय दोष?"

बाहुल्यांचे डोळे त्यांची बायको काढायची. वहिनी फारसं बोलत नसत. काडीचं टोक काजळात बुडवून दोन ठिपके द्यायच्या, आणि ठिपके असे, की सगळ्या बाहुल्या एकाच बाजूला पाहत. मी विचारलं, हे सगळे डावीकडेच का बघतात? वहिनी म्हणाल्या, "दाराकडं पाहून राह्यल्या."

पण खरी करामत पुढेच. प्रत्येक ठोकळ्याला त्यांनी गिरमिटाने एक भोक पाडलं होतं आणि प्रत्येक बाहुलीच्या पायाखाली त्याच हलक्या लाकडाची बारीक खुंटी ठेवली होती. खुंटी भोकात बसली की बाहुली ठोकळ्यावर ताठ उभी. उपटली की मोकळी. भोकं सगळी एका मापाची, खुंट्या सगळ्या एका मापाच्या. त्यामुळे पाटील विहिरीवर जाऊ शके, पैलवान माडीवर, आणि पोलिसाला गल्लीतली पोरं हटकून गोठ्यात नेऊन उभा करत. अशी खेळणी तोवर कुणी पाहिली नव्हती. एकदा मांडलं की संपलं, असं नाही. रोज नवं गाव.

जवाईबापू हे पाहताना खुर्चीवर पुढे सरकून बसत. एखाद्या पोराने बाई उपटून टांग्यात बसवली की अंगठा टेकवून विचारत, "हालते काय?" पोरगं म्हणे, "हालते." आणि मग हा माणूस असा हसे, की बाजेवरची झोप मोडे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना पक्केपणाची हौस नव्हतीच. हलणारी एखादी वस्तू कुठे सापडते का, हे ते गावभर शोधत हिंडत होते.

सासऱ्यांना मात्र हे पटलं नाही. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं चाकाच्या पाटावर बसवलेले लाकडी बैल मिरवतात. वखारीत ते बैल विकायला असत, शेजारी ही खेळणी मांडली गेली. आठवड्यात बाया रिकामे ठोकळे घेऊन हजर. कुणाची बाहुली नालीत, कुणाची चुलीत. सासरे म्हणाले, "जवाईबापू, हुन्नर चांगला हाये. पन ज्याची जागा त्यानं सोडली नाई पाह्यजे. सरस लावा."

सरस म्हणजे सुतारांचा कढवलेला डिंक. जनावराच्या कातड्या-हाडांचा. त्याचा वास मी वर्णन करणार नाही, तुम्ही जेवून बसला असाल. तो वास आला की मी खिडकी लावून घेई. समोर जवाईबापू एकेक खुंटी सरसात बुडवत आणि एकेका बाहुलीला कायमची उभी करत. पाटील विहिरीजवळ, तो विहिरीजवळच. पोलीस दारात, तो दारातच. "हालते काय?" मी गमतीने विचारलं. त्यांनी पुढची खुंटी सरसात बुडवली.

पुढच्या उन्हाळ्यात अकोल्याचा एक खेळण्यांचा व्यापारी पेट्यांचं लाकूड बघायला आला. सासरे आत जेवत होते. जवाईबापूंनी खुर्चीच्या गादीखालून एक ठोकळा काढला, न चिकटवलेला. व्यापाऱ्याने बाहुली उपटली, बसवली, पुन्हा उपटली. भर उन्हात उभा राहून हा जाडा माणूस लहान पोरासारखा खेळला.

"पोळ्याच्या आधी अकोल्याले पुरी पेटी घेऊन या," तो म्हणाला. "तान्ह्या पोळ्याले मांडतो. जमलं तं दुकानामागची खोली तुमची. बायकोले घेऊन या, तिथंच बनवा."

खोली. स्वतःची. जिथे उठलं तर कुणी धावणार नाही.

त्यानंतर मी जवाईबापूंना चोरासारखं काम करताना पाहिलं. वैशाखात वऱ्हाडातलं ऊन कसं असतं, सांगायला नको. सासरे दुपारभर झोपत, आणि हे आणि वहिनी मागल्या पडवीत. या खेपेला त्यांनी मोटार केली. पूर्ण एस. टी. ठोकळ्यांची, चाकांसकट. आत बाकं, प्रत्येक बाकावर भोक, प्रत्येक भोकात प्रवासी. दाराशी कंडक्टर. ड्रायव्हरमागच्या बाकावर हातात पिशवी घेतलेला एक सडपातळ माणूस होता. तो कोण, हे मी विचारलं नाही. या खेपेला नाक त्यांचं स्वतःचं होतं. आणि तो एकटा नव्हता, शेजारच्या भोकात नऊवारीतली बाई होती.

"याईले अकोल्यात उतरवाचं," ते म्हणाले. सगळे प्रवासी त्यांनी उतरवून पाहिले, चढवून पाहिले. लोण्यातून केस ओढावा तशा खुंट्या निघत. मग पेटी सुतळीने बांधली आणि वखारीच्या मागे, फळ्यांच्या थप्पीआड दडवली. सासऱ्यांच्या हाती लागली असती तर संध्याकाळच्या आत सगळे प्रवासी सरसात गेले असते. त्या धाकाने पेटी कुणी पुन्हा उघडली नाही.

पोळा आठवड्यावर आला तेव्हा आम्ही एस. टी.ने निघालो. मी सोबत, कारण जावई एकटा जाणार कसा. "मास्तरासोबत दात दाखवाले चाललो" असं घरी सांगितलेलं. पाऊस लागून राहिला होता. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. पेटी त्यांनी मांडीवर धरली होती, वरून स्वतःचा कोट पांघरला होता आणि स्वतः खिडकीच्या गळतीखाली भिजत होते. बाकाला अंगठा टेकवून मला म्हणाले, "मास्तर, हालून राह्यलं बरं का." मोटार खड्ड्यातून चालली होती, सगळंच हलत होतं. इतका आनंदी माणूस मी त्या रस्त्यावर पुन्हा पाहिला नाही.

दुकानात पेटी उघडली. मोटार पाहून व्यापाऱ्याने टाळी वाजवली. "वा बाप्पा. उतरवा पॅसिंजर."

जवाईबापूंनी पिशवीवाल्याला चिमटीत धरलं. ओढलं. तो निघेना. दुसरा धरला, तोही निघेना. कंडक्टर निघेना. व्यापाऱ्याला गंमत वाटली. त्याने प्रवाशांतल्या पोलिसाला धरून जोर लावला. पोलिसाचं डोकं हातात आलं आणि धड बाकावर तसंच बसून राहिलं. मग त्याने पिशवीवाल्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि म्हणाला, "अकोला आलं ना बे, उतर."

नोकर हसले. खरं सांगू, मीही हसलो. वाक्यच तसं होतं. मग जवाईबापूंकडे पाहिलं. ते एकेका प्रवाशावरून अंगठा फिरवत होते, आणि काही विचारत नव्हते.

वैशाखात वाळून खडखडीत झालेलं पेट्यांचं हलकं लाकूड पावसाळाभर ओल प्यायलं होतं आणि सागाच्या भोकात फुगून बसलं होतं. सरस लावला नव्हता. लावायची गरजच नव्हती.

व्यापारी वाईट नव्हता. चहा पाजला. "पक्की बसली म्हना," असंही म्हणाला, समजूत घालायला. खोलीचा विषय त्याने काढला नाही, आम्हीही काढला नाही.

परत आलो तेव्हा वहिनी दारात होत्या. त्यांच्या मागे, उघड्या दारातून, बांधलेली ट्रंक दिसत होती. नवऱ्याचं तोंड पाहिलं, पेटी पाहिली, आणि आत जाऊन त्या एकेक लुगडं बाहेर काढून खुंटीवर टाकू लागल्या. सासऱ्यांना कशाचाच पत्ता नव्हता. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम माणूस बसवून खुर्चीला नवा वेत विणून घेतला होता.

"दात बरा हाये ना जवाईबापू?" त्यांनी मायेने विचारलं. "तुमी बसा."

ते बसले.

पुढल्या वर्षी त्यांनी शहाणपणाने भर पावसात खुंट्या तासल्या. त्या उन्हाळ्यात आपोआप गळून पडल्या. तेव्हा मला म्हणाले, "मास्तर, आपल्याकडचं लाकूड दोनच कामं करते. अडकते, नाईतं पडते." तोवर अकोल्याच्या त्या दुकानात प्लॅस्टिकची खेळणी आली होती. जवाईबापूंनी सरसाचं भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं.

सासरे गेले तेव्हा मला वाटलं, आता सुटले. पण वखार मागे होती, हमाल होते, पेट्यांची मागणी होती. हाताच्या खुर्चीवरून उठून ते बाजेवर बसले, एवढंच. आणि गंमत पाहा, अकोल्याला बदली झाली ती माझी. मी जाताना त्यांनी माझ्या ट्रंकेवर अंगठा टेकवला. "आमची खोली दिसली तं सांगजा," म्हणाले.

जवाईबापू गेले ते एका वैशाखात. मी भेटायला गेलो. वखार चालू होती, बाज रिकामी होती. वहिनींनी मला आत बोलावलं आणि म्हणाल्या, "मास्तर, माळ्यावरून थे पेटी काढून द्या. मले हात पुरत नाई."

सुतळी कुजली होती, हात लावताच तुटली. मी मोटार उचलली आणि ती हातात खुळखुळली. तिरपी केली तसा दारातून कंडक्टर घरंगळला, त्याच्यामागे बाया, माणसं, बिनडोक्याचा पोलीस. सगळे फरशीवर. वहिनींनी खाली वाकून पिशवीवाला तेवढा उचलला. बाकावरच्या भोकात नेऊन बसवला. नऊवारीतली त्याच्या शेजारी बसवली. मग त्याच्या डोक्यावर अंगठा टेकवला, हलकेच, मान तिरपी करून.

"हालते," त्या म्हणाल्या.