खारीने सोडलेली कणसं

होणाऱ्या सासऱ्यांचं तोंड मी काळं केलं, तेही मुलगी द्यायची की नाही हे ठरायच्या आधी.

पन्नाशीच्या दशकातली गोष्ट. पिंपरीत नवे कारखाने निघत होते आणि मी एका औषधाच्या कारखान्यात बुरशी वाढवायच्या कामाला होतो. (होय, बुरशी! तीही पगार घेऊन!) चिखलीच्या आमच्या रानात ज्वारी हुरड्यावर आली होती. माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, मुलीच्या वडिलांना, आळंदीकडच्या बापूरावांना, हुरड्याला बोलावलं. म्हणजे रान बघणं आणि मुलगा बघणं एकाच खेपेत! मुलगी मी जत्रेत पाहिली होती आणि मला दुसरी कुठलीच नको होती.

"चांगली कणसं काढून ठेव," असं मला बजावून दादा पाहुण्यांना आणायला गेले.

रानात बघतो तर बांधाकडच्या कणसांवर खारी! जिकडेतिकडे कुरतडलेले दाणे. पाहुण्यांना खारीचं उष्टं? छे! मी डोकं चालवलं. खारीने तोंडही न लावलेली, टपोरी, पांढुरकी कणसं शोधून शोधून टोपलीभर काढली.

आईने विचारलं, "येवढ्या खारी फिरत्यात, त्यांनी हीच कशी सोडली रं?"

"माझ्या धाकानं!" मी म्हणालो.

आगटी पेटली. बापूरावांनी भाजलेलं कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि भस्सकन चष्मा, मिशा, फेटा, सगळं काळं! दाण्यांच्या जागी नुसती काळी भुकटी भरलेली.

"आरं, ही काणी हाय!" दादा ओरडले. "बुरशी! कारखान्यात दिवसभर तीच बघतोस न्हवं?"

"तिथं ती बाटलीत असते," मी पुटपुटलो.

तेव्हा कुठे खार आणि काणी या दोघींतला फरक उमगला. खार चार दाणे खाते, सगळ्यांदेखत खाते आणि पळते. काणी आतला दाणा फस्त करून वर दाण्याचंच रूप घेऊन बसते. खार तिला फसत नाही. फसलो तो मी! लग्न गेलंच म्हणायचं.

दादांनी गुपचूप खारीची उष्टी कणसं भाजली. बापूरावांनी ती पोटभर खाल्ली, मिशा पुसल्या आणि मला विचारलं, "शेतीतलं काय कळतं का तुमाला?"

"न्हाई."

"कवा कळंल?"

उत्तर दादांनीच दिलं, "ह्या जन्मात तरी न्हाई!"

"झ्याक!" बापूराव उठलेच. "म्हंजी पोरगा नोकरी सोडून रानात यायचा न्हाई. पगार पक्का. दिली पोरगी!"

जिंकलो! त्याच महिन्यात बार उडाला! बायको तेव्हापासून मला शेतीतलं काहीबाही शिकवू बघतेय, पण मी मुळीच दाद देत नाही. दादांनी सासऱ्यांना शब्द दिलाय ना!