सोमवारची बाटली

अन्याय झाला तो तळ्याकाठच्या एका शेतकरी काकांवर, दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता. युरियाच्या पोत्याचा वास आला की मला तो सोमवार आठवतो. मी ज्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो, त्या मॅडमच्या संशोधनासाठी काकांनी तळ्याकडेच्या चार सऱ्यांत उसाऐवजी गवत राखलं होतं. शेतातून वाहणारा युरिया त्या गवतात अडतो का, हे बघायचं होतं. दर सोमवारी ते तळ्याचं पाणी बाटलीत भरून, ओल्या फडक्यात गुंडाळून, पुण्यात स्वारगेटला एसटीतून उतरून नारायण पेठेतल्या प्रयोगशाळेपर्यंत चालत यायचे. त्या दिवशी प्रयोगशाळेला नवंकोरं कुलूप होतं. कुलपाला महापालिकेचा निधी मिळाला होता, संशोधनाचा मात्र शुक्रवारीच बंद झाला होता. काकांना कळवायचं कुणालाही सुचलं नव्हतं, मलाही नाही. "काका, काम थांबलं," मी म्हणालो. "थांबलं? अन् आत्ता कुठं पाणी निवळाय लागलंय की!" त्यांनी बाटली उन्हात धरली. मलाही ते दिसत होतं, पण तपासणारं कुणी उरलं नव्हतं. "मग गवत ठिवू का काढू?" मी त्यांच्या हातातून बाटली घेतली. आज ती बाटली माझ्या टेबलावर आहे आणि त्या सऱ्यांत पुन्हा ऊस आहे. त्याच तळ्याचं पाणी पुण्यात तुमच्या नळाला येतं ना? मग आजच तुमच्या नगरसेवकाच्या दारात उभे राहा आणि तो निधी परत मागा.