निम्मी पेटी गावाची

पनवेलच्या हॉटेलात चार टाळकी जमवून मी एका मामलेदाराची नक्कल करत होतो. ऐन रंगात आलो असताना आमच्या घणसोलीचा एक ओळखीचा माणूस दारात येऊन म्हणाला, "वसंता, गोमादादा गेला. परवा." माझा हात मामलेदाराच्या मिशीवर तसाच राहिला. मंडळींना वाटलं, हाही नकलेचाच भाग. ती खो खो हसली, आणि मी त्यांना हसू दिलं... नटाला हशा सोडवत नाही. याला महिना झाला. त्या हशाबद्दल तर लिहायला हवंच, पण त्याच्या आधीच्या एका हशाबद्दल जास्त.

गोमादादा आमच्या गावचा आगरी शेतकरी, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा. दहा-बारा वर्षांपूर्वी पंचायतीला रेडिओ मिळाला, निम्मा खर्च सरकारचा, निम्मा गावच्या वर्गणीचा. रेडिओच्या पेटीची किल्ली गोमादादाकडे आली. रोज दिवेलागणीला तो पेटी देवळाच्या ओट्यावर आणायचा, पदराला हात पुसावा तशी धोतराच्या सोग्याने तिची काच पुसायचा आणि बातम्या लावायचा. निवेदकाचं पुस्तकी मराठी निम्म्या गावाला कळत नसे. म्हणून बातम्या संपल्या की गोमादादा त्या आगरी बोलीत पुन्हा सांगायचा, आणि प्रत्येक बातमीला शेपूट जोडायचा, "असा रेडिओ सांगतं. मी नाय."

मी तेव्हा पनवेलच्या एका साप्ताहिकात नुकताच विनोदी सदर लिहू लागलो होतो. मुंबईत मोर्चे निघत होते, लाठ्या पडत होत्या, आमच्या बायका मासळी विकून परतताना डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होत्या, आणि रेडिओ म्हणे सर्वत्र शांतता. मला आयतं कुरण मिळालं! त्या शिमग्याला मी सोंग काढलं. डोक्यावर रॉकेलचा डबा, डब्याला खिडकी, खिडकीत माझं तोंड. "घराला आग लागली हाय, पन सर्वत्र शांतता हाय. असा रेडिओ सांगतं, मी नाय!" गाव लोळून हसलं. शिमग्यात रागवायचं नसतं, म्हणून गोमादादाही हसला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "वसंता, रेडिओ सरकारचा, म्हनून सरकारचा बोलतं. ता मना बी कलतं. तुजा पेपर कुनाचा र?"

"लोकांचा," मी छाती काढून म्हणालो.

पेपर एका शेठचा होता. शेठची मिठागरं होती. हे सगळ्या खाडीला ठाऊक होतं.

पुढच्या पावसाळ्याआधीच्या उधाणात शेठच्या मिठागराचा बांध फुटला. तो खचलाय, दुरुस्त करा, असं मजूर वर्षभर सांगत होते. फुटल्यावर त्यांनाच चिखल टाकायला उतरवलं, आणि एकजण त्या चिखलाखाली गेला. दुसऱ्या दिवशी गोमादादा उन्हातान्हात पनवेलला माझ्यासमोर येऊन उभा. "त्याचा नाव छाप. बाकी काय नको. नाव नि कशान मेला, येवराच." मी त्याला चहा पाजला, "बघतो" म्हणालो, आणि त्या आठवड्याला सदर लिहिलं ते सरकारी रेडिओच्या मुकेपणावर. फार गाजलं ते.

गोमादादाने तो पेपर वाचला. संध्याकाळी बातम्या संपल्यावर पेटी बंद केली आणि ओट्यावर उभा राहिला. "यो मानूस मेला, ता रेडिओ सांगत नाय. पेपर बी सांगत नाय. पेटी निम्मी गावाची हाय, मंग निम्मा टायम गाव बोलल. आता मी सांगतो." आणि त्याने बांधाची सगळी हकीगत सांगितली. रोज सांगू लागला. शेजारच्या गावांतली माणसं ऐकायला येऊ लागली.

शेठने मला बोलावून घेतलं. "वसंतराव, तुमच्या लेखणीत मध आहे हो! एक छोटासा अर्ज लिहून द्या." मी लिहिला. सरकारी पेटीच्या ओट्यावरून चिथावणीखोर प्रचार चालतो, चौकशी व्हावी. खाली, 'एक जागरूक नागरिक'. अर्ज इतका झकास उतरला की शेठसमोर मी तो निवेदकाच्या आवाजात दोनदा वाचून दाखवला. शेठ हसले. सुरुवातीला म्हटलेला तो आधीचा हशा हाच.

आठ दिवसांत चौकशीला सरकारी साहेब आला. गोमादादाची किल्ली गेली, पेटी पाटलाच्या माडीवर गेली, आणि देवळाच्या ओट्यावरून बांधाची गोष्ट सांगणारा कोणी उरला नाही. मी मात्र त्याच्या घरी जाऊन "कोण रे हा हरामखोर!" म्हणून हळहळलोसुद्धा. तो म्हणाला, "जाऊ दे र. जेव."

परवा भेटायला गेलो तर हौसावहिनी, त्याची बायको, ओटीवर गोणपाट अंथरत होत्या. पेटी गेल्यावर संध्याकाळी माणसं त्याच्या ओटीवरच येऊन बसत. ती सवय माणूस गेला तरी सुटलेली नाही. मी धीर करून म्हणालो, "वहिनी, तो अर्ज..."

"तुमीच लिवलेला," वहिनी गोणपाटाचं टोक सरळ करत म्हणाल्या. "सायबानं कागद दाखवलेला त्यांना. तुमचा अक्षर त्यांना काय नवा हाय, भावजी? शिमग्याची गानी तुमीच लिवून द्यायचे ना?"

"मग मला कधी बोलला का नाही?"

"मी बी ताच इचारला. तर बोलले, त्याला पोट हाय, नि तोंड बी मोठा हाय. कवातरी सोताच बोलल. रोज वाट बगायचे." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्या पोराचा नाव तरी छापलाव का कवा?"

नव्हतं छापलं. आता दुसऱ्या एका मासिकात छापतो. त्याचं नाव बाळाराम. शेठचा खचलेला बांध भरताना तो चिखलाखाली मेला. शेठचं नाव मात्र याही लेखात मी लिहू शकलेलो नाही. ते अजून हयात आहेत, आणि मी अजून त्यांच्याच पेपरात सदर लिहितो.