बॅनर आधी, कौल मागाहून

चूक माझी होती. गावात ती सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. रविवारी सकाळी गोकुळदास पाववाल्या पदेराकडून चार उंडे घेऊन तिठ्यावर आला, आणि आपण शिकवतो त्या फुटबॉल संघाला रुमानियाहून नवा प्रशिक्षक आला आहे, हे त्याने डोक्यावर टांगलेल्या बॅनरवर वाचलं. क्लबचा चिटणीस म्हणून बॅनर मीच छापून घेतला होता. फक्त तो सोमवारनंतर लावायचा, हे मी विसरलो. सोमवारी या विषयावर ग्रामदेवाचा कौल घ्यायचा होता. म्हणजे गोकुळदासाला काढलं ही बातमी त्याच्याआधी आणि देवाच्याही आधी छापखान्याला कळली.

गोकुळदास उंड्यांची पिशवी धरून थोडा वेळ उभा राहिला. मग सगळ्यांना दिसेल असा बाजूला थुंकला आणि घरी गेला.

तरुणपणी तो डिचोलीकडच्या एका खाण कंपनीच्या संघात स्टॉपर होता. मैदानावर एवढी तांबडी धूळ, की खेळून तोंड पुसलं तर रुमाल विटेच्या रंगाचा व्हायचा. गुडघा गेल्यावर कंपनीने त्याला वजनकाट्यावर बसवलं. पुढे खाण बंद पडली आणि वजनकाटाही गेला. तो पेडण्याकडे आपल्या गावी परतला, मोरजीच्या किनाऱ्यावरच्या शॅकना पाणी पोचवणारा टेम्पो चालवू लागला, आणि संध्याकाळी भात कापलेल्या शेतात गावच्या मुलांना फुटबॉल शिकवू लागला. कुणी त्याला बोलावलं नव्हतं, की कधी आभार मानले नव्हते.

त्याचा सराव चेंडूने सुरू होत नसे. आधी सगळ्यांनी रांगेत वाकून काचा वेचायच्या. समुद्रावर जागा पुरत नाही म्हणून पर्यटक आता शेतातही बाटल्या फोडून जातात. सोबत चिकनची हाडं, पोरांची लंगोटं, आणखी काय काय. गोकुळदास ते काठीने गोणीत ढकलायचा आणि असं तोंड करायचा, जणू कुणी त्याच्याच ताटात टाकलं आहे. यंदा त्याची मुलं पहिल्यांदाच आंतरगाव स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचली होती. त्या दिवशी मैदानाच्या कडेला उभं राहायचं, याहून जास्त त्याला काही नको होतं.

नेमकं तेव्हाच आमच्या अध्यक्षांना, बाबुरावांना, परदेशी माणूस सापडला. मिहाय त्यांच्याच गेस्ट हाऊसमध्ये हिवाळाभर राहत होता. तो खोटा नव्हता. आपल्या देशात दुसऱ्या श्रेणीत राइट बॅक खेळला होता, मग प्रशिक्षक झाला होता, आणि सहा क्लबांनी त्याला घालवलं होतं. बाबुरावांना त्याच्या फुटबॉलचं काही पडलं नव्हतं. फोटोत गोरा माणूस, मागे गेस्ट हाऊसचं नाव, एवढंच गणित. पण बारा वर्षं राबलेल्या माणसाला तोंडावर जा म्हणायला छाती लागते. ती कमिटीत कुणाकडे नव्हती, माझ्याकडे तर नव्हतीच. म्हणून ते काम देवावर टाकलं.

सोमवारी नारायण भटांनी देवाला दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर मिहाय, डावी पडली तर गोकुळदास. बाबुरावांनी हात जोडून विचारलं. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला, एकही पाकळी हलेना. बाबुराव दोनदा घड्याळ बघून म्हणाले, भारी उकडतं, आणि त्यांनी स्वतः उठून उजवीकडचा पंखा लावला. उजवी पाकळी पडली. कमिटीने एका सुरात हात जोडले.

खांबाला टेकलेला गोकुळदास तेव्हा बोलला. "बॅनर आधी छापलात, कौल मागसून मागतास. देव म्हणजे काय पंचायतीचो शिक्को?"

भटांनी पंखा बंद केला आणि ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी मिहाय चालत गोकुळदासाच्या घरी आला. त्याला सांगितलं होतं की जुना प्रशिक्षक थकून स्वतःच निवृत्त झाला. गोकुळदासाची बायको सुमंगला हिने चहा दिला, आणि कॉलेजात जाणाऱ्या हर्षाने बापाची सगळी हकिगत इंग्रजीत सांगितली. ऐकून मिहायने कप खाली ठेवला. मग म्हणाला, मला एका अध्यक्षाने न्हाव्याच्या खुर्चीत असताना फोनवर काढलं होतं, पण देवाने काढलं असं तोही म्हणाला नव्हता. या संघात मी येईन तर तुझ्या हाताखाली, नाहीतर नाही. गोकुळदास हसला, त्या हसण्यातही किळसच जास्त होती.

संध्याकाळी कमिटी त्याच्या अंगणात. मिहायने नकार दिलेला, सामना पाच दिवसांवर. बाबुराव म्हणाले, गोकुळदासा, झालं गेलं सोड. त्याने बसा म्हटलं नाही.

"येतंय," तो म्हणाला. "पण तुमी काचो वेचूक येवचां. एकेकान, एकेक सांज. आणि हातमोजे नायत."

बाबुरावांनी सगळ्यांच्या वतीने, स्वतःसकट, शब्द दिला.

उपांत्य सामना आम्ही एका गोलने हरलो. गोकुळदास नव्वद मिनिटं कडेला उभा होता आणि मिहाय त्याच्या मागे पाण्याच्या बाटल्या धरून. त्यानंतर कमिटीतला एकेक जण शेतात वाकून गेला. माझ्या पाळीला माझं बोट कापलं. गोकुळदासाने ते नीट उलटून पाहिलं आणि म्हणाला, "बरां झालां."

बाबुरावांची गाडी शेताशी येते तेव्हा काच चार बोटं खाली होते. आतून ते सांगतात, येत्या आयतारी नक्की. गोकुळदास मान वर करत नाही. आता महिनाभरात शेत नांगराला जाईल. बाबुरावांची सांज अजून बाकी आहे.